एफआयआरची प्रत पाठवणारा पोलीसच असतो असे नाही

अटकेत असलेल्या माणसाच्या घरी पोलीस म्हणून फोन करायचा, गुन्ह्याचा क्रमांक, लावलेली कलमे आणि तपासी अंमलदाराचे नाव बिनचूक सांगायचे, खात्री पटावी म्हणून एफआयआरची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची आणि मग कलम वाढू द्यायचे नसेल तर अमुक इतके पैसे ताबडतोब पाठवा असे सांगायचे, अशा पद्धतीची फसवणूक सध्या होत आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे ४५,००० रुपये अशाच एका फोनवर गेले. अटकेची आणि गुन्ह्याची माहिती सामान्य माणसाला कुठे व कशी पाहता येते हे आमच्या घरात कोणालाच नीट ठाऊक नव्हते आणि फोन करणाऱ्याला मात्र ते पक्के ठाऊक होते, म्हणून ही फसवणूक होऊ शकली.

ताई नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. भाऊजींचे कृषी सेवा केंद्र आहे. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन मंडळांच्या मुलांमध्ये हाणामारी झाली, एकाच्या डोक्याला काठी लागली, आणि दुसऱ्या मंडळाच्या एका कार्यकर्त्याच्या फिर्यादीवरून जो गुन्हा दाखल झाला त्यात माझ्या भाच्याचे नाव आले. त्याला त्याच रात्री अटक झाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी काम पाहणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर त्याला हजर करण्यात आले, न्यायालयीन कोठडी मिळाली आणि संध्याकाळपर्यंत त्याची रवानगी कारागृहात झाली. या सगळ्यात पोलिसांनी काही नियमबाह्य केले असे आम्हाला दिसले नाही. अटकेचा पंचनामा झाला होता, अटकेची कारणे लिहून दिली होती आणि त्या कागदावर भाऊजींनी सही केली होती.

सोमवारी सकाळी भाऊजी वकिलांना घेऊन जामिनाच्या अर्जासाठी न्यायालयात गेले. दुकान बंद होते आणि दुकानाचा मोबाइल घरी ताईजवळ होता. त्या मोबाइलचा नंबर दुकानाच्या पाटीवर आहे, खतांच्या पावत्यांवर आहे आणि गूगलच्या नकाशावरही आहे. एफआयआरमध्ये भाच्याचे पूर्ण नाव आणि पत्ता छापलेला होता. आडनाव, गाव आणि दुकान यांची सांगड घालून घरचा नंबर शोधणे कोणालाही जमण्यासारखे होते.

फोनवरच्या माणसाने आपण पोलीस ठाण्यातून साहेब बोलत असल्याचे सांगितले. त्याचे बोलणे शांत होते, धमकावणीचे नव्हते, असे ताई आजही सांगते. त्याने गुन्हा रजिस्टर नंबर सांगितला, मिरवणुकीचे ठिकाण आणि वेळ सांगितली, तपास ज्या हवालदारांकडे आहे त्यांचे नाव घेतले, आणि पुढच्याच मिनिटाला व्हॉट्सअ‍ॅपवर एफआयआरची पीडीएफ पाठवली. व्हॉट्सअ‍ॅपच्या चित्राच्या जागी पोलीस दलाचे बोधचिन्ह होते. ताईने ती पीडीएफ आणि घरात असलेली छापील प्रत शेजारी शेजारी धरून पाहिली. ओळ न् ओळ सारखी होती. तिच्या मनातली शंका तिथेच संपली, कारण पोलिसांचा कागद पोलिसांशिवाय दुसऱ्या कोणाकडे असेल असे तिला वाटणे शक्यच नव्हते.

त्यानंतर मागणी आली. जखमी मुलाची प्रकृती बिघडली आहे, आता कलम १०९ म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचे कलम लागणार, तसा कागद टाइप होऊन सहीसाठी ठेवला आहे, साहेबांच्या मनात मुलाचे आयुष्य बरबाद करायचे नाही, पण वैद्यकीय अहवालासाठी आणि ‘जामिनाच्या अनामत रकमेसाठी’ पैसे आत्ता भरावे लागतील, असे त्याने सांगितले. फोन बंद करायचा नाही आणि कोणाला सांगायचे नाही, अशी तंबी दिली. मागे एक मुलगा रडत होता आणि ‘आई, लवकर कर’ म्हणत होता. ताईने आधी २०,००० आणि मग २५,००० रुपये यूपीआयने पाठवले. पैसे घेणाऱ्याचे नाव परराज्यातल्या कुठल्यातरी खासगी व्यक्तीचे दिसत होते, त्यावर तो सरकारी खजिन्याचा ‘कलेक्शन एजंट’ असल्याचे उत्तर मिळाले. आणखी ६०,००० रुपयांची मागणी सुरू असताना भाऊजी जामिनाचा आदेश घेऊन घरात शिरले. त्यांनी वाटेतून अनेकदा फोन लावला होता, पण तो सतत व्यस्त येत होता.

त्या माणसाने सांगितलेली प्रत्येक खरी गोष्ट एफआयआरमध्ये होती आणि एफआयआर जिथे संपतो तिथे त्याची माहितीही संपत होती, हे आम्हाला नंतर कागद समोर ठेवून बसल्यावर उमगले. भाचा पोलीस ठाण्यात आहे असे तो म्हणत होता. प्रत्यक्षात न्यायालयीन कोठडी मिळाल्यावर आरोपी पोलिसांच्या ताब्यात राहत नाही, तो कारागृहात जातो. पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी यांतला हा फरक ज्या घरावर प्रसंग ओढवतो त्या घराला कोणीतरी त्याच दिवशी सांगायला हवा. मागून रडणारा मुलगा आमचा असणे शक्यच नव्हते.

एफआयआर ही गुप्त वस्तू नाही. यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये असा आदेश दिला की, गुन्हा दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत एफआयआर पोलिसांच्या किंवा राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकला पाहिजे, आणि भौगोलिक दुर्गमता किंवा इंटरनेटची अडचण असेल तर ही मुदत जास्तीत जास्त ७२ तासांपर्यंत जाऊ शकते. लैंगिक गुन्हे, बालकांवरील लैंगिक अत्याचाराचे गुन्हे, दहशतवादाशी संबंधित गुन्हे अशा संवेदनशील प्रकरणांना यातून वगळले आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ असा विभाग आहे. जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख निवडली की त्या ठाण्यातले गुन्हे दिसतात आणि प्रत उतरवून घेता येते. यासाठी शुल्क नाही. त्याच पोर्टलवर अटक झालेल्या आरोपींची माहिती पाहण्याचीही सोय आहे. म्हणजे ताईला जी पीडीएफ पोलिसांची खूण वाटली, ती देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात बसलेल्या माणसाला मिळू शकत होती.

अटकेच्या नोंदीचा इतिहास याहून जुना आहे आणि तो माहीत असावा असे मला मनापासून वाटते, कारण या फसवणुकीनंतर आमच्याच नात्यातले काही जण ही माहिती लोकांसाठी खुली ठेवूच नये असे म्हणू लागले आहेत. पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत करणाऱ्या एका संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये कोठडीतील मृत्यूंच्या बातम्यांकडे लक्ष वेधणारे पत्र सरन्यायाधीशांना लिहिले. त्या पत्राचीच याचिका झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल आला. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने नावाची पट्टी लावावी, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने करावा, नातेवाइकांना कळवावे, आणि अटकेची व कोठडीच्या ठिकाणाची माहिती १२ तासांच्या आत नियंत्रण कक्षाला देऊन ती ठळक जागी फलकावर लावावी, असे दंडक त्यात घालून दिले गेले. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१ क आले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक पोलीस उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे अटक झालेल्यांची माहिती ठेवण्याची जबाबदारी असते. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात डिजिटल माध्यमासह ठळकपणे दाखवले गेले पाहिजे. माणूस उचलला गेला आणि घरच्यांना पत्ताच नाही, अशी वेळ कोणावर येऊ नये म्हणून हा फलक आहे. तो झाकून टाकला तर नुकसान ठगांचे होणार नाही, ज्यांचा मुलगा रात्री घरी परतला नाही त्या आईवडिलांचे होईल.

मी स्वतः नंतर ठाण्यात जाऊन तो फलक पाहिला. ठाणे अंमलदारांच्या टेबलाच्या बाजूच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत रेघा मारलेला कागद होता. त्यावर नाव, वय, पत्ता, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमे, अटकेची तारीख व वेळ आणि अटक करणाऱ्याचे नाव व हुद्दा असे रकाने होते, आणि भाच्याचे नाव निळ्या शाईत लिहिलेले होते. कलमांच्या रकान्यात जे होते तेच भाऊजींच्या खिशातल्या कागदावर होते. १०९ कुठेच नव्हते. फलक पाहायला मला कोणी हरकत घेतली नाही. काही ठाण्यांमध्ये असा कागद दर्शनी जागी नसतो किंवा जुना असतो, अशी तक्रार वकील मंडळी करतात. तसे असेल तर कलम ३७ चा उल्लेख करून ठाणे अंमलदारांना विचारावे, आणि तिथेही उत्तर मिळाले नाही तर जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाला किंवा पोलीस अधीक्षक कार्यालयाला विचारावे.

आरोपीला न्यायालयात हजर केल्यानंतरची माहिती पोलिसांपेक्षा न्यायालयाकडून घेणे अधिक भरवशाचे आहे. अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, हजर करावेच लागते, त्यामुळे ही पायरी लवकर येते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर पोलीस ठाणे, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकून किंवा पक्षकाराच्या नावाने प्रकरण शोधता येते, आणि एकदा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळाला की पुढच्या तारखा व आदेश घरबसल्या दिसतात. पहिल्या एक-दोन दिवसांत नोंद तिथे उमटली नसेल तर वकिलांकडून किंवा न्यायालयाच्या कार्यालयातून कळते. वकील परवडत नसेल तर थांबण्याचे कारण नाही. कोठडीत असलेल्या व्यक्तीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारातच असते आणि १५१०० या क्रमांकावरही मदत मिळते.

जामिनाच्या बाबतीत ताईला जे सांगितले गेले ते तर मुळातूनच खोटे होते. आमच्या प्रकरणात जामीन न्यायालयाने दिला, जातमुचलका लिहून घेतला आणि एका जामीनदाराला सात-बारा उतारा, आधार कार्ड घेऊन उभे राहावे लागले. रोख रक्कम भरण्याचा आदेश होतो तेव्हाही ती न्यायालयात भरली जाते आणि तिची पावती मिळते. ती कोणाच्या खासगी यूपीआयवर जात नाही. कलम वाढवायचे की नाही हे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि जबाब यांवर ठरते, आणि कलम न वाढवण्यासाठी खरा पोलीस पैसे मागत असेल तर ती लाच आहे. तिची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे १०६४ या क्रमांकावर करता येते. हे मुद्दाम लिहितो, कारण अनेक घरांत असा फोन खराच पोलिसांचा आहे असे गृहीत धरून पैसे दिले जातात, आणि लाच दिल्याच्या संकोचाने नंतर कोणी तक्रारच करत नाही. ठगांना या संकोचाचा मोठा आधार मिळतो. ताईलाही आधी तेच भय होते की, आपण तक्रार केली तर आपल्यावरच काही येईल. तसे काही झाले नाही.

भाऊजींनी लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन केला आणि त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवली. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ, यूपीआय आयडी, आलेला नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश या सगळ्यांची माहिती विचारली गेली. रागाच्या भरात संदेश पुसून टाकले नव्हते म्हणून ती देता आली. दुसऱ्या हप्त्यातली बरीचशी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली आणि न्यायालयाच्या आदेशानंतर परत मिळाली. पहिला हप्ता तोपर्यंत काढला गेला होता. इथे प्रत्येक मिनिटाला महत्त्व आहे. आधी नातेवाइकांना विचारू, संध्याकाळी पाहू, असे करत बसले की पैसा चार खाती ओलांडून गेलेला असतो.

तपासात एक गोष्ट पुढे आली, जी ऐकून दोन्ही घरे सुन्न झाली. त्याच सोमवारी, त्याच नंबरवरून, फिर्याद देणाऱ्या मुलाच्या वडिलांनाही फोन गेला होता. त्यांचा मोबाइल नंबर शोधावाही लागला नव्हता, फिर्यादीच्या तपशिलात तो छापलेलाच होता. त्यांना सांगितले गेले होते की आरोपीचे लोक पैसे देऊन प्रकरण दाबत आहेत, कडक कलम लावून घ्यायचे असेल तर १५,००० रुपये पाठवा. त्यांनी फोन ठेवला, जिल्हा पोलिसांच्या संकेतस्थळावरून ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक काढला आणि तपासी हवालदारांनाच विचारले. हवालदारांनी असा फोन ठाण्यातून झालेला नाही असे सांगितले आणि तिथेच विषय संपला. आलेल्या नंबरवर उलट फोन लावण्याऐवजी ठाण्याचा क्रमांक स्वतंत्रपणे शोधून त्यावर बोलणे, एवढ्यानेच त्यांचे पैसे वाचले. गुन्हा दाखल झाल्या दिवशीच हा क्रमांक कागदावर लिहून घरातल्या प्रत्येकाजवळ, विशेषतः जे घरी एकटे राहणार आहेत त्यांच्याजवळ, दिलेला असावा. घाबरलेल्या माणसाकडून त्या क्षणी शोधाशोध होत नाही.

त्या गृहस्थांचे पैसे गेले नव्हते म्हणून त्यांनी तक्रार केली नव्हती. पैसे गेले नसले तरी असा नंबर कळवता येतो. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ नावाची सोय त्यासाठीच आहे, आणि तिथे फसवणुकीचा संशय असलेला फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश नोंदवता येतो. आमच्या तक्रारीनंतर त्यांनीही त्यांना आलेल्या फोनची माहिती त्यावर दिली आणि सायबर पोलिसांपुढे आपला जबाब नोंदवला. मिरवणुकीतल्या मारहाणीचा खटला अजून सुरू आहे आणि त्यात दोन्ही कुटुंबे समोरासमोर आहेत, पण या फसवणुकीच्या तपासात दोघांचे जबाब एकाच फाइलमध्ये आहेत.