ड्रिप मशीन, फ्रेंच प्रेस की हाताने ओतलेली कॉफी: घरासाठी नेमकं काय घ्यावं

घरी कॉफी करायला काय घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न विचारते, केलेली कॉफी तुमच्याकडे किती वेळ पडून राहणार आहे? लोक चव, वॅट, बटणं, डिझाइन सगळं बघतात आणि हे एकच बघत नाहीत. खरं तर ड्रिप मशीन, फ्रेंच प्रेस (जाळीचा दांडा दाबून चोथा खाली बसवायचं भांडं) आणि हाताने ओतायचा कोन (फिल्टर पेपर लावायचं निमुळतं गाळणं), तिन्हीतून ताजी कॉफी चांगलीच होते, बऱ्यापैकी पूड आणि बरं पाणी असेल तर. फरक पडतो तो त्यानंतरच्या अर्ध्या तासात.

आधी ड्रिप मशीनबद्दल, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच असतो. आत फार काही नसतं हो. टाकीतलं गार पाणी एका नळीत उतरतं, ती नळी खाली हीटरला चिकटलेली असते, पाणी उकळायला लागलं की वाफेचे बुडबुडे पाण्याला वर ढकलतात (मागे जायला वाट नसते कारण तिथे एकाच दिशेने उघडणारी झडप असते) आणि वरच्या शॉवरमधून ते पुडीवर पडतं. म्हणजे पंप बिंप काही नाही, ती जी गुडगुड ऐकू येते ना, तोच पंप. आणि बहुतेक साध्या मशीनमध्ये तोच हीटर खाली ठेवलेल्या जारची प्लेटही तापवतो. हे लक्षात ठेवा, पुढे याच प्लेटबद्दल बोलायचंय.

घरगुती विजेवरचं पहिलं ड्रिप मशीन जर्मनीत आलं, विगोमॅट, गॉटलोब विडमनने १९५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या किती तरी आधी, १९०८ मध्ये, ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या बाईंनी पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोकं पाडून त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला आणि त्यावर कॉफी गाळली, कपात येणाऱ्या गाळाला आणि कडवटपणाला त्या वैतागल्या होत्या. आजचा फिल्टर पेपर म्हणजे तोच टीपकागद. म्हणजे ड्रिप मशीन आणि हाताने ओतायचा कोन ही एकाच घरची भावंडं आहेत, पाणी ओतणारा हात तेवढा बदललाय.

मग मशीनचा हात चांगला की आपला? सरळ सांगायचं तर आपला हात शिकला की मशीनपेक्षा चांगला, पण रोज सकाळी तो तितकाच चांगला चालेल याची खात्री नाही. पाणी ९२ ते ९६ अंशांच्या आसपास असावं लागतं. साध्या मशीनमध्ये सुरुवातीचं पाणी बरंच कोमट पडतं, मग हळूहळू तापत जातं, आणि तोपर्यंत निम्मी कॉफी होऊन गेलेली असते, त्यामुळे अशी कॉफी जराशी आंबट आणि फुळकवणी लागते आणि आपल्याला वाटतं पूडच कमी पडली. यावर उपाय म्हणून काही कंपन्यांनी जास्त ताकदीचे हीटर घातले, नेदरलँड्समधलं मोकामास्टर त्यातलं जुनं नाव, तांब्याच्या हीटरमुळे पाणी पटकन आणि नीट तापतं. स्पेशल्टी कॉफी असोसिएशन ही कॉफी व्यवसायातली संघटना घरगुती मशीन तपासून प्रमाणित करते, तापमान, वेळ, पाणी पुडीवर सगळीकडे पडतं का वगैरे बघून. एवढा खर्च करायचा नसेल तरी चालेल, पण निदान वॅट बघा. मोठा जार आणि जेमतेम ६००-७०० वॅट असं मशीन असेल तर ते पूर्ण जार भरायला फार वेळ घेणार, आणि पुडीतून पाणी आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ झिरपत राहिलं की कडवटपणा उतरायला लागतो.

१९५० च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट नावाच्या अमेरिकन संशोधकाने यावर बरंच काम केलं, त्यातला आकडा आजही वापरतात: पुडीच्या वजनाच्या साधारण १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला की कॉफी जमते. कमी उतरला तर आंबट पांचट, जास्त उतरला तर कडू आणि जीभ कोरडी पडते. मशीन असो, प्रेस असो की हात असो, सगळी झटापट या मधल्या पट्ट्यात बसायची आहे.

हाताने ओतण्यात ही झटापट तुमच्या ताब्यात असते. व्ही-६० सारखा कोन असेल (६० अंशांचा कोन म्हणून ते नाव, आत वळणदार रेघा असतात म्हणजे पेपर भिंतीला चिकटत नाही) तर आधी थोडंसं पाणी घालून ३०-४० सेकंद थांबायचं, पूड फुगते, आतला वायू निघून जातो, मग गोल गोल ओतत जायचं, तीन-साडेतीन मिनिटांत एक मोठा मग तयार. ताज्या बियांची कॉफी अशी केली की तिच्यातले बारीक बारीक वास वेगळे कळतात, साध्या मशीनमध्ये ते मला कधीच इतके मिळाले नाहीत. पण त्यासाठी बारीक वाकड्या तोटीची किटली लागते, वजनकाटा लागतो, आणि मुख्य म्हणजे ती तीन मिनिटं तुम्ही तिथून हलू शकत नाही. चार माणसं असतील तर चारदा करा. केमेक्स घेतलात तर एका वेळी तीन-चार कप निघतात, १९४१ मध्ये पीटर श्लुमबोम या रसायनशास्त्रज्ञाने केलेलं ते काचेचं भांडं, पेपर जाड असल्यामुळे कॉफी अगदी स्वच्छ येते, काहींना ती फारच पातळ वाटते. मला आवडते.

फ्रेंच प्रेस सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी पैशातला. जाडसर पूड, हाताला जाड वाळूसारखी लागेल अशी, त्यावर पाणी, चार मिनिटं, दांडा खाली. वीज नाही, पेपर नाही, तोटीची किटली नाही. कॉफीतलं तेल कपात उतरतं म्हणून ती तोंडात जड आणि भरलेली लागते, दूध घालून पिणाऱ्यांना हा प्रकार बहुतेक वेळा जास्त आवडतो. तळाशी गाळ येतो, शेवटचा घोट सोडून द्यायचा. दोन गोष्टी मात्र कोणी सांगत नाही. एक, दांडा दाबला म्हणजे कॉफी होणं थांबलं असं नाही, चोथा पाण्यातच असतो, म्हणून उरलेली कॉफी प्रेसमध्ये ठेवली की वीस मिनिटांत कडूजहर होते, लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी लागते. दुसरं, त्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो, तो रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो, कागदाचा फिल्टर तो जवळपास सगळा अडवतो. दिवसातून एखादा कप पिणाऱ्याने घाबरायचं कारण नाही पण रोज चार-पाच कप पिणारे असाल आणि कोलेस्टेरॉल आधीच वाढलेलं असेल तर माझ्या मते प्रेसचा विचार सोडा आणि पेपर वापरा. हाच मुद्दा मशीनमधल्या जाळीच्या कायमच्या फिल्टरलाही लागू आहे, पेपरचा खर्च वाचतो, कचरा कमी होतो हे खरं, पण तेल आणि बारीक गाळ जाळीतून खाली जातो, म्हणजे चव प्रेसच्या दिशेने सरकते.

आता ती प्लेट. काचेच्या जारखाली तापलेली प्लेट ही ड्रिप मशीनमधली सगळ्यात वाईट गोष्ट आहे असं माझं ठाम मत आहे. कॉफी तयार झाल्यावर तिला उष्णता देत राहणं म्हणजे तिला शिजवत राहणं, आतली क्लोरोजेनिक आम्लं फुटत जातात, क्विनिक आम्ल वाढतं, वास उडून जातो, आणि पाऊण तासाने जे उरतं त्याला लोक कॉफीची चव समजतात. किती तरी जणांना ड्रिप कॉफी आवडत नाही ती खरं तर प्लेटवरची कॉफी आवडत नसते. आमच्याकडे काचेच्या जारवालं मशीन चार वर्षं होतं आणि दुपारी अकराला प्यायलेला तो तिसरा कप नेहमी जळकट लागायचा, मी तेव्हा बिया बदलत बसले होते, पूड वाढवून बघितली, कमी करून बघितली. शेवटी एक दिवस झालेली कॉफी लगेच थर्मासमध्ये ओतली आणि अकराचा कप बघितला. प्रश्न संपला.

म्हणून काचेचा जार की थर्मल जार (थर्माससारखा, ऊब धरून ठेवणारा), या प्रश्नावर माझं उत्तर थर्मल, जर कॉफी वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त राहणार असेल तर. दोन तास तरी चव बऱ्यापैकी टिकते. मात्र आधी जारमध्ये गरम पाणी फिरवून घ्या, गार स्टीलमध्ये कॉफी पडली की तिची काही ऊब लगेच जाते आणि मग थर्मल जार काही कामाचा नाही अशी तक्रार होते. तोंड रुंद आहे का तेही बघा, हात आत जात नसेल तर आत काळा थर साचतो आणि तो पुढच्या प्रत्येक कॉफीत उतरतो. काचेचा जारच घेणार असाल तर एवढं करा, सुटा जार वेगळा विकत मिळतो का हे मशीन घेण्याआधी विचारा. आमचा फुटला तेव्हा कळलं की त्या मॉडेलचा जार यायचा बंद झालाय, आणि चांगलं चालणारं मशीन नुसतं पडून राहिलं.

कपांच्या आकड्यांवर जाऊ नका. मशीनवरचा "कप" बहुतेक वेळा १२५ ते १५० मिलीलिटरचा असतो, आपला मग सहज २५०-३०० चा. बारा कपांचं मशीन म्हणजे सहा मग, फार तर सात. आणि इथे उलटा धोका जास्त आहे: पाहुणे येतील म्हणून मोठं मशीन घ्यायचं आणि रोज त्यात दोन मग करायचे. मशीनमधल्या पूड ठेवायच्या मोठ्या सपाट टोपलीत थोडी पूड पसरली की थर पातळ होतो, पाणी भराभर निघून जातं, कॉफी पातळ होते. काही मशीनवर एक ते चार कपांसाठी वेगळं बटण असतं, त्याने पाणी थांबून थांबून पडतं, त्याचा बराच उपयोग होतो. नाहीतर रोज जेवढी पिता तेवढ्याच मापाचं मशीन घ्या, वर्षातून चारदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी दोनदा कॉफी लावता येते.

कॉफी चालू असताना मध्येच जार काढून कप भरायची सोय असते, ती वापरू नये असं मी म्हणेन. सुरुवातीला झिरपते ती सगळ्यात दाट असते, ती एकाने पळवली की मागच्यांना पाणी मिळतं. सगळी होऊ द्या, जार एकदा हलवा, मग ओता.

रात्री टायमर लावून ठेवायची सोय बऱ्याच जणांना हवी असते. मला पटत नाही कारण दळलेली पूड रात्रभर उघडी राहून वास घालवते आणि टाकीत पाणीही तसंच साचून राहतं. पण पहाटे पाचला उठून कामावर जाणाऱ्या माणसाला डोळे उघडताच तयार कॉफी मिळत असेल तर त्याच्यासाठी तेवढं चवीचं नुकसान मोठं नाही, हेही मला कळतं.

पैशांचं वाटप करताना मात्र आधी ग्राइंडर. पात्याचा नाही, तो काही कण पिठासारखे करतो आणि काही तसेच अर्धवट ठेवतो, मग एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही. 'बर' ग्राइंडर घ्या, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया भरडणारा, हाताने फिरवायचा असला तरी चालेल. साधं मशीन आणि चांगला ग्राइंडर ही जोडी भारी मशीन आणि जुन्या तयार पुडीपेक्षा केव्हाही चांगली. प्रमाण लिटरला ५५ ते ६० ग्रॅम, म्हणजे दोन मोठ्या मगांना ३० ग्रॅमच्या आसपास, चमच्याने मोजू नका, काटा घ्या.

देखभालीत प्रेस आणि कोन दोन्ही धुतले की झालं, फक्त प्रेसचा चोथा सिंकमध्ये ओतू नका, नळी तुंबते. मशीनच्या नळीत क्षार बसतात, मग पाणी नीट तापत नाही आणि गुडगुड लांबते, कॉफी व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला की समजा वेळ झाली. सायट्रिक ॲसिडचं पाणी एकदा फिरवायचं, नंतर साधं पाणी दोनदा. पाणी जड असेल तर दर महिन्याला. आणि काम झाल्यावर टाकीचं झाकण उघडं ठेवा, बंद ओलसर टाकीत बुरशी धरते.

आता निवड. एकटे असाल आणि कॉफीचा नाद असेल तर कोन आणि किटली, मशीनकडे बघूही नका. एकटे आहात पण सकाळी उसंत नाही, दूध घालून पिता, तर प्रेस. तीन-चार जण एकाच वेळी टेबलावर बसत असाल आणि दहा मिनिटांत जार रिकामा होत असेल तर काचेच्या जारचं साधं मशीन पुरतं, प्लेट लगेच बंद करा म्हणजे झालं. आणि घरात एक जण सहाला उठतो, दुसरा आठला, तिसऱ्याला कामाच्या मध्ये थोडी थोडी लागते, तर थर्मल जारचं ड्रिप मशीनच घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी, कारण या घरातली निम्मी कॉफी ताजी प्यायली जाणारच नाहीये.