सायलेंट ५५ : मुंबई बंदरात ही सौर कॅटमरान कितपत चालेल?

गेटवेसमोर याट ठेवणाऱ्याला पहिली अडचण येते ती विजेची. किनाऱ्याला बोट लावली आणि सॉकेटमध्ये केबल खोचली, अशी मरीना मुंबईत नाही. बोट बोयाला (पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधायची आणि डिंगीने, म्हणजे छोट्या होडीने, ये-जा करायची. एसी, फ्रिज चालवायचे तर जनरेटर धडधडत ठेवावा लागतो, आणि त्याचा धूर केबिनमध्ये येतोच. सायलेंट ५५ ही सौर विजेवर चालणारी कॅटमरान, म्हणजे शेजारी-शेजारी दोन हुल (तळाचे सांगाडे) असलेली बोट, इथे कामाला येते ती मुख्यतः यासाठी. लांबी १६.७ मीटर, रुंदी साडेआठ मीटरच्या आसपास, छतावर ३० पॅनल, मिळून १० किलोवॅट. बोयावर नुसती उभी असली तरी बॅटरी भरत राहते.

१० किलोवॅट हा आकडा मात्र कागदावरचा. पॅनल आडवे असतात आणि मुंबईच्या उन्हात ६० अंशांपर्यंत तापतात, त्यातच दहा-बारा टक्के जातात. हिवाळ्यात दिवसाला ४० युनिट आणि एप्रिल-मेमध्ये ४५ ते ५० युनिट धरावेत, जास्त नाही.

आता विजेचा खर्च बघू. या आकाराच्या बोटीला ६ नॉटला (ताशी ६ सागरी मैल) १५ किलोवॅट लागतात असं धरू. गेटवे ते मांडवा सरळ रेषेत ८ सागरी मैलांच्या आत-बाहेर, म्हणजे एक तास वीस मिनिटं आणि २० युनिट. जाऊन-येऊन ४०. हिवाळ्यातल्या एका दिवसाच्या उन्हात मांडव्याची फेरी झाली! तेच अंतर ८ नॉटने कापलं तर तासाभरात ३६ युनिट जातात, कारण वेग वाढला की लागणारी ताकद त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वीस मिनिटं वाचवायला जवळजवळ दुप्पट वीज. म्हणून मोटर निवडताना मोह आवरावा. ३० किलोवॅटच्या जोडीपासून २५० किलोवॅटच्या जोडीपर्यंत पर्याय होते. बंदर, एलिफंटा, मांडवा एवढाच वावर असेल तर लहान जोडी पुरे. मोठी घेतली की वेगाची सवय लागते, आणि मग डिझेल जनरेटरशिवाय गत्यंतर नाही.

भरती-ओहोटीचं गणित तर याहून मोठं आहे. उधाणाला बंदराच्या तोंडाशी पाण्याचा २ नॉटचा ओढ सहज मिळतो. ६ नॉटने ओढाविरुद्ध गेलात तर जमिनीच्या हिशेबाने ४ नॉट, मांडव्याला दोन तास, ३० युनिट. ओढासोबत गेलात तर एक तास, १५ युनिट. ओहोटीला निघावं, भरतीला परतावं. तांडेल पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले, आणि या बोटीला त्यांचंच वेळापत्रक लागतं. मार्च ते मे दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो. परतीला तो तोंडावर येतो, उंच केबिनवर दाबतो आणि दोन हुलांमधल्या डेकखाली लाटा धाडधाड आपटतात. त्या महिन्यांत दुपार व्हायच्या आत परत फिरलेलं बरं.

आराम उत्तम, यात वाद नाही. लाँचच्या लाटांनी एका हुलाची बोट लोळते तशी ही लोळत नाही. पण रात्री तीन एसी आठ तास चालले की २४ युनिट गेलेच. फ्रिज, पंप, दिवे धरून ३०-३५. म्हणजे मुक्काम आणि मांडव्याची फेरी एकाच दिवशी नुसत्या उन्हावर जमत नाही. आदल्या दिवसाची शिल्लक बॅटरीत हवी.

देखभालीत सर्वात आधी पॅनल. मिठाचा थर, शहराची काजळी आणि नोव्हेंबर ते मार्च सीगलची विष्ठा. एवढासा डागही त्या पॅनलचं उत्पादन पाडतो आणि पॅनल मालिकेत जोडलेले असतील तर शेजाऱ्यांनाही ओढतो. बोट घेताना पॅनलचे छोटे गट, प्रत्येकाला स्वतंत्र एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा नियंत्रक), हे बघून घ्यावं. धुणं पहाटे, पॅनल थंड असताना, गोड्या पाण्याने आणि मऊ मॉपने. कोरडं घासलं तर धुळीचे कण काचेवर चरे पाडतात. जोडण्यांच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज दिसला की बदलून टाकावा, तिथेच पुढे तापून जळतं.

बोट ढकलणाऱ्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळ्याचा तुकडा किंवा प्लास्टिक अडकणं हे बंदरातलं रोजचंच. इंजिन गुदमरल्याचा आवाज इथे येत नाही, म्हणून स्क्रीन बघायची: फेरे तेवढेच आणि किलोवॅट चढतायत, तर अडकलंय. बोट थांबवा, आयसोलेटर (मोटरची वीज तोडणारा स्विच) बंद करून चावी खिशात ठेवा, मगच कोणाला पाण्यात उतरवा. मोटर गप्प असते, चालू आहे की नाही ते कळत नाही. दोन्ही पंख्यांचे किलोवॅट हळूहळू, आठवड्या-आठवड्याने वाढत असतील तर तळाला शेवाळ आणि शिंपले धरलेत. डायव्हरकडून खरवडून घ्या.

गोडं पाणी करणारं यंत्र बंदरात लावूच नये. गाळाने प्रीफिल्टर बघता बघता बुजतो. खांदेरी बेटाच्या बाहेर, स्वच्छ पाण्यात चालवावं.

पावसाळ्यात बोट वर काढायची तर साडेआठ मीटर रुंदी पेलणारी जागा आधी शोधा; बहुतेक ठिकाणी अडतं ते तिथेच. बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा आणि दर महिन्याला आकडा बघा. बिल्ज पंपाची (तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) लाइन मुख्य स्विचच्या आधी काढलेली हवी, म्हणजे बाकी सगळं बंद केलं तरी तो चालू राहील.