संघाबाहेर, पण किती बाहेर? नॉर्वे आणि ब्रिटन

दोघेही युरोपीय संघाचे सदस्य नाहीत. पण नॉर्वे त्याच्या एकल बाजारपेठेत (सामाईक नियमांवर चालणाऱ्या बाजारात) आहे, तर ब्रिटन 1 जानेवारी 2021 पासून नुसत्या व्यापार करारावर चालतो.

ब्रिटनच्या करारात शुल्क शून्य, हे खरे. मात्र माल ‘मूळचा’, म्हणजे पुरेसा ब्रिटन-युरोपातच बनलेला, ठरला तरच. पेट्रोल मोटारीत ब्रिटन-युरोपबाहेरच्या सुट्या भागांचा वाटा कारखान्यातील किमतीच्या 45 टक्क्यांवर गेला, की 10 टक्के शुल्क बसते. खरा मार खातो तो छोटा चीजवाला. युरोपात माल पाठवायला सीमाशुल्क घोषणापत्र हवे, वर पशुवैद्यकाच्या सहीचा दाखला. पाच-सात जणांचा माल एका ट्रकमध्ये असेल, तर एकाचा दाखला चुकला तरी सगळा ट्रक अडतो. (शुल्क शून्य असले तरी खोळंबा फुकट नसतो.)

नॉर्वेलाही मूळ देशाचे नियम आणि घोषणापत्रे चुकलेली नाहीत, कारण तो युरोपच्या सीमाशुल्क संघात (बाहेरच्या मालावर एकच शुल्क लावणाऱ्या गटात) नाही. पण पशुवैद्यकीय नियम युरोपचेच पाळत असल्याने ती तपासणी वाचते. मोबदल्यात पैसे भरायचे, कामगारांना मुक्त प्रवेश द्यायचा आणि मताधिकार नसताना नियम स्वीकारायचे. निव्वळ हिशेबात नॉर्वेची वाट स्वस्त. ब्रिटनचे घोडे मुक्त प्रवेशापाशीच अडले.