मळी की माळ?

पंचगंगेकाठची गाळाची मळी की वरचा मुरमाड माळ? कोल्हापुरात पूर्वी हा प्रश्नच हास्यास्पद ठरला असता. मळी म्हणजे ऊस, माळ म्हणजे भुईमूग नाहीतर गवत.

मग 2005, 2019, 2021 चे महापूर आले. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. ऊस चिवट, काही दिवस पाण्यात उभा राहतो. पण शेंडा बुडून पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात, गाळ बसला की पोंगा कुजतो, कांडीवरचे डोळे फुटून पांगशा (बाजूचे फुटवे) येतात, वजन घटतं. जुलैत लावलेली आडसाली (दीड वर्षाची) लागण तर ऑगस्टच्या पुरात अख्खीच बुडते. शिरोळ तालुक्याकडे आधीच क्षारपड (क्षार साचून नापीक झालेली जमीन) वाढलेली, ते दुखणं वेगळंच.

माळाला पुराचं भय नाही, पण ओल टिकत नाही. पावसाने पंधरा दिवस दडी मारली की सोयाबीन माना टाकतं, आणि एकदम कोसळला की वरची माती ओढ्यात.

तरीही मी ऊस माळावर ठिबकवर नेईन. मळीत पाणी ओसरून वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आली की हरभरा. पाणी उचलण्याचं वीजबिल मात्र सोसावं लागेल.