धुळ्याच्या उन्हात जीपीएस घड्याळ: दहा महिने, 1,380 किलोमीटर

घड्याळ गार्मिन फोररनर 55. घेतलं 2024च्या दिवाळीत, सवलत धरून 17,000च्या आत पडलं. तेव्हापासून आजवर 1,380 किलोमीटर पळणं झालं, एक पट्टा संपला, दुसरा चालू आहे, आणि डाव्या मनगटावर उन्हानं न रापलेला एक गोरा गोल उमटलाय. दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याची नजर आधी घड्याळाकडे जाते. "कितलाले लिन्हं, भो?" किंमत सांगितली की तो गप्प होतो आणि मग स्वतःच्या मोटरीच्या बिलात घासाघीस सुरू करतो. त्यामुळे आता मी "जुनंच आहे" एवढंच म्हणतो.

माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. एप्रिल-मे महिन्यात शेतातल्या जळालेल्या मोटरींचा ढीग लागतो. दिवसभर हातात मीटर असतं, त्यामुळे एक खोड लागली आहे. नवं मीटर आणलं की पहिला महिना ते कुठं खोटं बोलतं ते शोधत बसायचं. घड्याळाचंही तेच केलं. कामाचं वाटेल ते घ्या.

आधी एक फसगत सांगतो. याच्या आधी 3,000 रुपयांचं एक घड्याळ घेतलं होतं. कंपनीचं नाव सोडा, तसली पुष्कळ आहेत. डब्यावर ठळक अक्षरांत जीपीएस. घरी येऊन फोन ठेवून पळालो तर नकाशाच नाही, आणि अंतर भलतंच. नंतर कळलं की ते 'कनेक्टेड जीपीएस' होतं, म्हणजे घड्याळात जीपीएसची चिप नाहीच. फोन खिशात असला तर फोनचं जीपीएस उसनं घ्यायचं, नसला तर पावलं मोजून अंदाजानं अंतर ठोकून द्यायचं. विकत घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: फोन घरी ठेवला तर नकाशा उमटतो का? तो अडखळला तर पैसे परत खिशात घाला.

मग निवड. माझ्यासमोर तीन होती. हे 55, त्याच कंपनीचं 2024 साली आलेलं फोररनर 165, आणि कोरोसचं पेस 3. पेस 3 नायलॉनच्या पट्ट्यासकट 30 ग्रॅमचं, आणि त्यात दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारं जीपीएस. 165चा पडदा ॲमोलेड, रंगीत, बोटानंही चालतो. 55 म्हणजे 37 ग्रॅम, पाच बटणं, टच नाही, पडदा जुन्या कॅल्क्युलेटरच्या खानदानातला. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली 165 नवरीसारखं दिसतं आणि 55 तिच्या मावशीसारखं. मी मावशी निवडली.

कारण ऊन. 55च्या पडद्याला स्वतःच्या उजेडाची गरज पडत नाही, बाहेरचा उजेड परतवून तो आकडे दाखवतो. घरात मिणमिणता, पण सकाळी आठला लळिंगच्या बाजूनं परत येताना सूर्य जितका डोक्यावर, तितके आकडे ठसठशीत. ॲमोलेडचे हल्लीचे पडदे उन्हात वाचताच येत नाहीत असं नाही, येतात, पण त्यासाठी त्यांना बॅटरी जाळून सूर्याशी स्पर्धा करावी लागते. आणि मेच्या महिन्यात धुळ्याच्या सूर्याशी कुणी स्पर्धा करू नये.

बटणांचंही तसंच. घामानं निथळलेलं बोट आणि टच पडदा यांचं जमत नाही. इथं डोळे मिटून वरचं उजवं बटण दाबलं की पळणं सुरू, परत दाबलं की थांबलं. हिवाळ्यात हातमोजे घालूनही चालतं. हो, धुळ्यात हातमोजे लागतात. डिसेंबर-जानेवारीत पारा सहा-सातवर येतो, बाहेरच्यांना खरं वाटत नाही.

आता अंतर. माझ्या वाटा तीन: पांझरेच्या काठानं देवपूरच्या बाजूला, नकाणे तलावाकडे, आणि रविवारी लळिंगचा चढ. या सगळ्या वाटांवर घड्याळ जवळजवळ तंतोतंत. नकाणे रोडचा तोच ठरलेला फेरा मी चाळीसेक वेळा केला असेल, फरक कधी पन्नास-साठ मीटरच्या वर गेला नाही. त्यात घड्याळाइतकाच आपल्या धुळ्याच्या आभाळाचा मोठेपणा आहे. जीपीएसचे उपग्रह साधारण 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात, जागा काढायला त्यातले किमान चार दिसावे लागतात. सिग्नल उंच इमारतींवर आपटून वळसा घालून आला की घड्याळाला वाट लांब भासते आणि नकाशावर आपण कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून पळालेले दिसतो. दोन फ्रिक्वेन्सींची महाग घड्याळं हा वळसा ओळखायला चांगली. मुंबईत त्यांचे पैसे वसूल होत असतील. धुळ्यात आभाळ चहूबाजूंनी मोकळं. त्या सोयीसाठी वरचे दहा-बारा हजार देणं म्हणजे विहिरीला पाणी नसताना दहा एचपीची मोटर बसवणं.

एकदा मात्र चांगलंच चुकलं, तोरणमाळच्या घाटात. एका बाजूला सातपुड्याचा कडा, म्हणजे अर्धं आभाळच गायब, आणि रस्ता सापासारखा. घरी येऊन नकाशा बघितला तर मी तीन ठिकाणी सरळ दरीतून चालत गेलो होतो. सहा किलोमीटरच्या टप्प्यात जवळपास चारशे मीटर जास्त. उंचीचे आकडे तर पळताना बघूच नयेत, कारण या घड्याळात हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर नाही. घरी फोनला जोडल्यावर ॲप नकाशातली उंची घेऊन हिशेब सुधारतं. ज्यांचं पळणं घाटातच आहे त्यांनी बॅरोमीटरवालंच घ्यावं. 165मध्ये तो आहे.

एक बारीक गोष्ट. आठवडाभर फोनला जोडलं नाही तर उपग्रह सापडायला वेळ लागतो, कारण उपग्रह कुठं असतील याचा पुढच्या काही दिवसांचा तक्ता ते फोनकडून उचलतं. तक्ता ताजा असला की गेटबाहेर येईपर्यंत तयार. शिळा असला की कोपऱ्यावर दोन-तीन मिनिटं हात वर करून उभं राहायचं. शेजारच्या काकूंना वाटतं मी सूर्यनमस्कार घालतोय.

मैदानावरची गंमत वेगळी. सकाळी तिथं पोलीस भरतीची पोरं असतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, आणि 1600ला पन्नासपैकी 20 गुण. त्यांनी टेपनं मोजून फक्की मारली आहे, चार फेऱ्यांचे 1600. पहिल्या आठवड्यात माझं घड्याळ बघून गराडा. "काका, आमना कितला व्हयना?" एकाला घड्याळ बांधून पळवलं. चार फेऱ्यांना एक दिवस 1.57 आलं, दुसऱ्या दिवशी 1.63. पोरांचा विश्वास टेपवरून उडून घड्याळावर बसायला लागला तेव्हा मी मध्ये पडलो. वळणांवर जीपीएस कोपरे कापतं, कधी बाहेर फेकतं. 30 मीटरची चूक म्हणजे त्यांच्या वेगानं पाच-सहा सेकंद, आणि त्यांची झोप उडते ती तेवढ्याच सेकंदांनी. टेप खरी, घड्याळाचं फक्त स्टॉपवॉच वापरा असं सांगितलं. घड्याळात ट्रॅकसाठी वेगळा मोड आहे, पण तो 400 मीटरच्या ठरलेल्या मापाच्या ट्रॅकसाठी. आमच्या मैदानाचा आकार बघितला तर तो मोडही विचारात पडेल.

अशीच चूक मला स्वतःला महागात पडली. डिसेंबरात जळगावला हाफ मॅरेथॉन पळालो. अंतर 21.0975 किलोमीटर. मनात 2 तास 13 मिनिटं. घड्याळ किलोमीटरला सरासरी 6:18 मिनिटं दाखवत होतं, त्या हिशेबानं 2:12:55 व्हायला हवं होतं, म्हणून शेवटी जोर लावलाच नाही. कमानीखाली वेळ आली 2:14:34. घड्याळाच्या मते मी 21.36 किलोमीटर पळालो होतो. सोबतचा म्हणाला, आयोजकांनी रस्ता लांब ठेवला. तसं नसतं. शास्त्रशुद्ध मोजलेला मार्ग सर्वांत जवळच्या रेषेनं मोजतात, सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावून, वळणाला आतल्या कडेनं. आपण गर्दीतून नागमोडी, पाण्याच्या टेबलाकडे तिरके, वळणाला बाहेरून पळतो, वर जीपीएसची थोडी भर. आता स्पर्धेत मी दर किलोमीटरला आपोआप पडणारा लॅप, म्हणजे त्या टप्प्याची नोंद, बंद करतो आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांपाशी स्वतः बटण दाबतो. आणि त्या क्षणाचा वेग दाखवणारा आकडा तर मी पडद्यावरूनच काढून टाकलाय. तो झाडाखाली एक, उन्हात दुसरा. चालू किलोमीटरची सरासरी ठेवा, पुरे.

आता हृदयाचे ठोके. दहा महिन्यांत सर्वांत जास्त डोकं इथंच खाल्लं गेलं, आणि सर्वांत जास्त फायदाही इथंच झाला.

घड्याळाच्या पाठीवर हिरवे दिवे आहेत. ते कातडीखालच्या रक्तात उजेड पाडतात आणि परत येणाऱ्या उजेडाच्या चढउतारावरून ठोके मोजतात. सगळ्या कंपन्यांची हीच पद्धत, म्हणून ही रड कुठल्या एका घड्याळाची नाही. जानेवारीच्या थंडीत कातडीतलं रक्त आत ओढलं जातं आणि पहिली दहा मिनिटं आकडे वाऱ्यावर. एकदा हळूहळू पळताना 172 दिसलं. घाबरून थांबलो, मानेवर बोट ठेवून मोजलं तर 130च्या आसपास. 172 ही माझी मिनिटाला पडणारी पावलं होती! पट्टा सैल असला की घड्याळ हलतं आणि दिवे पावलांच्या तालालाच ठोके समजतात. पट्टा हाडाच्या दोन बोटं वर, घट्ट बांधला की बराच फरक पडतो.

तरी मी शेवटी छातीचा पट्टा घेतला. तो हृदयाची विजेची नाडी थेट पकडतो. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मोटरीचा आवाज ऐकून अंदाज बांधणं आणि क्लॅम्प मीटर लावून अँपियर बघणं, एवढा फरक. बांधण्याआधी त्याचे पॅड पाण्यानं ओले करायचे, नाहीतर पहिली काही मिनिटं तोही गप्प बसतो.

मग दुसरा घोळ सापडला. घड्याळ सुरुवातीला 220 वजा वय या सूत्रानं कमाल ठोके धरतं. माझं वय 47, म्हणजे 173. लळिंगच्या चढावर जीव तोडून पळालो तेव्हा छातीच्या पट्ट्यानं 184 दाखवले. म्हणजे ठोक्यांवरून हलकं पळणं कुठलं आणि जोराचं कुठलं हे ठरवणारे सगळे झोन चुकीचे, आणि साधं पळणंसुद्धा घड्याळाला अतिश्रम वाटत होतं, रोज सांगायचं 'विश्रांती घ्या, 60 तास'. कमाल आकडा हातानं बदलल्यावर त्याची कुरकूर थांबली.

आणि मे. जानेवारीत 6:40च्या वेगाला ठोके 148. मेमध्ये पहाटे पाचला निघूनही, त्याच वाटेवर, त्याच वेगाला 166. आधी मला वाटायचं उन्हाळ्यात मी आळशी होतो. खरं असं की शरीर गार ठेवायला रक्त कातडीकडे वळवावं लागतं, घामानं पाणी कमी होतं, आणि हृदयाला तेच काम जास्त ठोक्यांत उरकावं लागतं. मोटरीला व्होल्टेज कमी मिळालं की ती जास्त अँपियर ओढते आणि तापते, हे मी गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगतोय. स्वतःला लावलं नव्हतं. या मेमध्ये 150ला गजर लावला आणि तो वाजला की चाल. वेग 7:30पर्यंत घसरला, पोरं पुढून हसत गेली. पण पहिल्यांदाच जून उजाडला तेव्हा मी अंथरुणाला खिळलेलो नव्हतो. आधीची दोन वर्षं मेच्या शेवटी आठवडाभर डोकं धरून झोपलो होतो.

बाकीचं पटकन. बॅटरी: कंपनी म्हणते जीपीएस चालू ठेवून 20 तास, नुसतं घड्याळ म्हणून दोन आठवडे. माझं आठवड्याला चार-पाच तास पळणं, तर आठ-नऊ दिवसांनी चार्ज करतो, दहा महिन्यांत उतार जाणवला नाही. मात्र उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, लिथियमच्या सेलला उष्णतेनं लवकर म्हातारपण येतं. चार्जिंगची केबल वेगळ्याच टोकाची, गावाला विसरलात तर शेजाऱ्याची चालणार नाही. चार्ज करण्याआधी मागच्या पिना पुसा, घामाचं मीठ बसतं. पट्ट्याखाली पुरळ आलं ते माझ्याच आळसानं. आता रोज नळाखाली धुतो आणि रात्री काढून ठेवतो.

त्यामुळे झोपेचा आलेख माझ्याकडे नाही, आणि मला त्याची गरज वाटली नाही. आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या जागरणाला एकदा घालून बसलो होतो. सकाळी त्यानं माझ्या शरीराची शिल्लक ताकद ('बॉडी बॅटरी') शंभरपैकी 5 दाखवली, आणि मी तर प्रसादाचे रोट खाऊन ठणठणीत होतो. फोन सोबत असला की घरच्यांना माझी जागा नकाशावर दिसते, ही सोय मात्र सौ.ला आवडते. नकाणे रोडच्या कुत्र्यांनी मला एकदा शेतात घुसवलं तेव्हा तिचा लगेच फोन आला, "रस्ता सोडून कुठं निघालात?" त्या दिवशीचे ते दोनशे मीटर अजून माझे सर्वांत वेगवान आहेत.

आता भाच्याला भरतीसाठी घड्याळ हवंय, आणि माझ्या बहिणीनं त्याला माझ्याकडे पाठवलं. त्याला म्हटलं, 1600ला तुझ्या आईच्या फोनचं स्टॉपवॉच पुरतं, बूट बघ, टाच पार घासली आहे. बूट घेऊन दिले. तरी रुसलाय, आणि रविवारी मैदानावर आला की माझं घड्याळ मागतो.