शिकोकूत एकच दिवस: शिमोनादा की त्सुबोजिरी?

जपानच्या शिकोकू बेटावरची ही दोन्ही छोटी रेल्वे स्टेशनं एका दिवसात उरकायचा प्रयत्न केलात तर दोन्हीकडे धावपळच होईल. एक निवडा. दोन्हीकडे तिकीट तपासायला कोणी नाही, रेल्वेचं स्मार्ट कार्ड चालत नाही. कागदी तिकीट आधीच काढा, किंवा मागच्या दाराने चढताना नंबराची चिठ्ठी घ्या आणि उतरताना पुढच्या दाराशी पेटीत पैसे टाका. सुटे आणि हजार येनच्या नोटा जवळ असू द्या, मोठ्या नोटेचे सुटे गाडीत मिळत नाहीत.

शिमोनादा सोपं. मात्सुयामा शहरातून गाडीने साधारण तासाभर. चूक हमखास होते ती वाटेतल्या मुकाईबारा स्टेशनला. तिथे मार्ग फुटतो आणि उचिको मार्गे जाणारी गाडी डोंगरातून निघून जाते. नेहमीच्या एक्सप्रेस तर तिकडूनच जातात. ‘इयो-नागाहामा मार्गे’ जाणारी लोकलच पकडा. एकच फलाट, वर छोटं छप्पर, खाली बाक, समोर नुसतं पाणी. सूर्यास्त खरोखर फोटोंत असतो तसाच दिसतो.

पण फलाट आणि समुद्राच्या मधून 378 क्रमांकाचा रस्ता जातो, त्यामुळे संध्याकाळी गाडीपेक्षा मोटारीने आलेलेच जास्त. त्या बाकावर फोटो काढायला रांग लागते, आणि ज्या शांततेसाठी एवढं लांब यायचं तीच मिळत नाही. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. सकाळच्या गाडीने गेलात तर कदाचित तुमचं मत वेगळं होईल.

त्सुबोजिरीला मोटारीचा रस्ताच नाही. 32 क्रमांकाच्या महामार्गाकडे चढणारी एक पायवाट आहे. पावसानंतर ती निसरडी होते, उन्हाळ्यात मामुशी हा विषारी साप निघतो, म्हणून बूट आणि लांब पँट हवी. पायवाटेकडे जाताना रूळ ओलांडावे लागतात, आणि नेहमीच्या एक्सप्रेस इथे न थांबता जातात.

इथे बघायचं ते गाडीचं उलटं जाणं. मुख्य मार्ग चढावर, फलाट बाजूच्या सपाटीवर. लोकल आत येते, चालक डब्यातून चालत दुसऱ्या टोकाला जातो, गाडी मागे घेतो, परत येतो आणि मग पुढे निघतो. बोरघाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनबद्दल फक्त वाचलेल्यांना ते इथे प्रत्यक्ष बघता येतं.

अडचण गाड्यांची. दिवसाला मोजक्याच थांबतात, काही लोकलसुद्धा थांबत नाहीत. दुकान नाही, पाणी-खाणं सोबत न्या. सोबत वयस्कर मंडळी असतील तर शिमोनादाच बरं. नाहीतर मी त्सुबोजिरी म्हणेन: आवा-इकेदा या जवळच्या मोठ्या स्टेशनला वेळापत्रक उघडून आधी परतीची गाडी शोधा, मग जायची.