मेणाखाली दडवलेले ओले ऑलिव्ह
लेथवर वाडगे आणि चाकूच्या मुठी घडवण्यासाठी मी ऑलिव्हच्या लाकडाचे ठोकळे ऑनलाइन मागवले, तेव्हा 'भट्टीत पूर्ण सुकवलेले' असे छातीठोकपणे लिहून विक्रेत्याने चक्क ओले लाकूड माझ्या गळ्यात मारले. या लाकडात ही लबाडी विशेष सहज खपते, म्हणून तपशील मांडत आहे.

ऑलिव्ह मुळातच जड असते. सुकल्यावरही त्याची घनता दर घनमीटरला साधारण ९०० ते १००० किलो, म्हणजे पाण्याच्या जवळपास भरते. त्यामुळे जड लागणारा ठोकळा अस्सल वाटतो आणि त्या वजनात पाणी किती, ही शंकाच येत नाही. हे लाकूड सावकाश सुकते, घाई केल्यास तडकते, आणि म्हणूनच ओल हळू जावी यासाठी ठोकळ्याच्या आडव्या छेदांना, म्हणजे तंतू कापले जातात त्या दोन्ही टोकांना, मेण लावण्याची रीत आहे, जी योग्यही आहे. माझ्या ठोकळ्यांना मात्र सहाही बाजूंनी जाड मेण होते. असा पूर्ण लिंपलेला ठोकळा बहुधा ओलाच असतो आणि प्रामाणिक विक्रेते तसे लिहितात. इथे त्याला 'संरक्षक लेप' म्हटले होते. त्यातून विक्री किलोवर, म्हणजे पाण्याचेही पैसे वसूल!

पहिलाच वाडगा कोरताना भुगा उडण्याऐवजी लांब, दमट छिलके हाताला चिकटू लागले. पुढे वाडगा लंबगोल झाला आणि गाभ्याकडून निघालेली चीर काठापर्यंत पोचली. मग दुसऱ्या ठोकळ्याच्या मधून काप काढून तो सुमारे १०३ अंश सेल्सियसला, वजन घटायचे थांबेपर्यंत, ओव्हनमध्ये ठेवला. ६५ ग्रॅमचे ५० ग्रॅम झाले. घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागले की ओलावा ३० टक्के येतो. घरात वापरायच्या वस्तूंसाठी तो ८ ते १२ टक्के हवा.

मुठींसाठीच्या पट्ट्यांत तर काही ऑलिव्ह नव्हत्याच. रंध्याच्या पहिल्या हातातच गडद शिरा पुसल्या गेल्या. खऱ्या लाकडातील शिरा वेड्यावाकड्या असतात, पण कडेवरून वळून आडव्या छेदातही दिसतात, आणि ताज्या कापाला गोडसर, फळासारखा वास येतो. जुन्या ऑलिव्हचे खोड बहुधा आखूड, पीळदार आणि पोकळ असते, त्यामुळे लांब, रुंद, निर्दोष फळी कोणी सहज देऊ करत असेल, तर तिथेही आडवा छेद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

'नैसर्गिक वस्तू आहे, चिरा पडणारच,' असे उत्तर आले. हे अर्धसत्य असल्यामुळे खोडणे अवघड जाते, म्हणून मी वजनांची छायाचित्रे पाठवली. त्यानंतर उत्तरे बंद झाली. जाहिरातीतील 'पूर्ण सुकवलेले' हे शब्द मात्र काही दिवसांत 'अंशतः सुकवलेले' असे बदलले गेले. जुन्या मजकुराचा स्क्रीनशॉट खरेदीच्या वेळीच काढून ठेवला होता, आणि पैसे परत मिळवण्यासाठी बँकेकडे केलेल्या तक्रारीला आज तेवढाच आधार आहे.